चाळीसपैकी एकतीस गुण, पण हात एकही नाही!

पनवेलहून मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि तिच्यावर रंगलेला पत्त्यांचा डाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. वाशीला कॉलेजात जाताना मीही हे दृश्य वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. काही प्रवासी कौतुकाने डोकावतात, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. मला विचाराल तर पत्त्यांतील निदान एक खेळ शाळेच्या फळ्यावर यायला हवा. तो खेळ म्हणजे ब्रिज. असे मी का म्हणतो, हे एका गमतीच्या डावावरून तुमच्या ध्यानात येईल.

तुम्हांला मेंढीकोट येत असेल तर ब्रिज निम्मा आलाच म्हणा. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. उतरलेल्या रंगाचेच पान टाकायचे. तो रंग नसेल तर हुकमाने कापता येते. फरक असा की, खेळ सुरू होण्यापूर्वी बोली होते. आपण किती हात करणार आणि हुकूम कोणता, हे आधीच सांगायचे. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पाने उघडी मांडून स्वस्थ बसतो; त्याला ‘डमी’ म्हणतात. बोली लावणाराच दोघांची पाने खेळतो.

पानांची ताकद अजमावण्यासाठी गुण देतात : एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १. एका रंगाचे १० म्हणजे चार रंगांचे मिळून ४० गुण झाले. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० येतात. आता हा डाव पाहा.

पूर्व : इस्पिक एक्का, राजा, राणी, गुलाम, बदाम एक्का, राजा, राणी, गुलाम, चौकट एक्का, राजा, किलवर राजा, गुलाम, ९.

दक्षिण : चौकट राणी, ८, ७, ६, ५, ४, ३, २, किलवर एक्का, राणी, १०, ८, ४.

पश्चिम : इस्पिक ६, ५, ४, ३, २, बदाम १०, ९, ८, ७, २, चौकट गुलाम, १०, ९.

उत्तर : इस्पिक १०, ९, ८, ७, बदाम ६, ५, ४, ३, किलवर ७, ६, ५, ३, २.

पूर्वेचे गुण मोजा. चाळीसपैकी एकतीस! दक्षिणेकडे केवळ आठ आणि तिचा भिडू उत्तर याच्याकडे शून्य. तरीही दक्षिण बोली लावते : किलवर हुकूम, तेराच्या तेरा हात माझे. पूर्वेला हसू आवरत नाही. तो ‘डबल’ म्हणतो, म्हणजे हार-जीत दुप्पट. दक्षिण शांतपणे ‘रीडबल’ म्हणते. पहिली उतारी पश्चिमेची. काय होईल?

पुढे वाचण्यापूर्वी घरातला पत्त्यांचा जोड काढा, पाने अशीच मांडा आणि स्वतः खेळून पाहा. खेळून झाले की मगच पुढे वाचा.

समजा, पश्चिमेने चौकटचा गुलाम उतरला. उत्तरेकडे चौकट नाहीच, म्हणून ते पान किलवरच्या दुर्रीने कापले. पूर्वेला रंग देणे भाग आहे, म्हणून त्याचा चौकट राजा फुकट गेला. आता उत्तरेकडून लहान किलवर. पूर्वेने नश्शी टाकली तर दक्षिण १० टाकते, गुलाम टाकला तर राणी आणि राजा टाकला तर एक्का. पूर्वेला दक्षिणेच्या आधी पान टाकावे लागते, हीच त्याची अडचण! मग दक्षिणेकडून पुन्हा चौकट. उत्तरेने पुन्हा कापले आणि पूर्वेचा चौकट एक्काही गेला. पुन्हा उत्तरेकडून किलवर, पूर्वेचा गुलाम, त्यावर दक्षिणेची राणी; पाठोपाठ दक्षिणेच्या एक्क्याखाली पूर्वेचा राजा. पूर्वेचे हुकूम संपले. आता दक्षिणेने चौकट राणी खेळताच पश्चिमेचे शेवटचे चौकट पडते आणि मग उरलेली सगळी पाने दक्षिणेची. पश्चिमेने दुसरे कोणतेही पान उतरले असते तरी निकाल हाच लागला असता. ते तुम्ही ताडून पाहा.

एकतीस गुणांच्या धन्याला एकही हात नाही! इस्पिक आणि बदामची आठ भारी पाने त्याच्या हातातच राहिली.

हा डाव पुराणा आहे. अशाच एका डावाने इंग्लंडच्या ड्यूक ऑफ कंबरलँडला गंडवल्याची कथा सांगतात. इयान फ्लेमिंग यांनी १९५५ सालच्या ‘मूनरेकर’ या कादंबरीत हाच डाव वापरला आहे; तिथे नायक आधीच रचून ठेवलेला जोड आणून लबाड खलनायकाची जिरवतो. तुम्ही म्हणाल, मग हा डाव बनावटच की! होय, बनावटच. बावन्न पानांतून तेरा पानांचे ६,३५,०१,३५,५९,६०० वेगवेगळे संच होतात. नेमका हाच डाव तुमच्या वाट्याला येण्याची वाट पाहू नका. पण पाठ्यपुस्तकातला घर्षणरहित उतार तरी कुठे असतो? एकच गोष्ट लख्ख दिसावी म्हणून तो कल्पिलेला असतो. हा डावही तसाच आहे.

तर मग या डावात लख्ख काय दिसते? गुण मोजण्याची पद्धत हा एक कामचलाऊ अंदाज आहे, निसर्गनियम नव्हे. रंगांची वाटणी बरीचशी समतोल असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. दक्षिणेकडे मात्र दोनच रंग आहेत. तिथे पूर्वेच्या इस्पिक-बदामचे वीस गुण निकामी ठरले. पूर्वेने गुण मोजले, पण ते कोणत्या अटीवर खरे हे विचारले नाही. आपल्याला हसू येते ते त्यामुळेच.

हसलात ना? आता जरा स्वतःकडे वळू. लंबकाच्या आवर्तकालाचे सूत्र माझ्या वर्गात साऱ्यांना तोंडपाठ असते. एकदा मी विचारले, एक मीटर लांबीचा लंबक थेट ९० अंशांवर नेऊन सोडला तर आवर्तकाल किती? उत्तम गुण मिळवून आलेल्या मुलांनी क्षणात उत्तर दिले, दोन सेकंद. प्रत्यक्षात तो सुमारे १८ टक्क्यांनी अधिक, म्हणजे जवळजवळ २.४ सेकंद असतो. ते सूत्र लहान कोनांसाठी आहे, ही अट पुस्तकात छापलेली असते. पण परीक्षेत ती कोणी विचारत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. त्या दिवशी माझा सारा वर्ग पूर्वेच्या जागी बसला होता. आणि खरे सांगायचे तर त्यांना तिथे बसवणारे आम्ही शिक्षकच होतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे की, महिन्यातून एक तास असा एखादा डाव फळ्यावर मांडा. पत्ते म्हणजे जुगार, ही भीती मला ठाऊक आहे. पैसे लावणे वाईटच, पण तो दोष पैशाचा आहे, पत्त्यांचा नव्हे. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या साठीच्या आसपासच्या भारतीय जोडीने त्यात सुवर्णपदक मिळवले. अपुऱ्या माहितीवरून तर्क करणे, तो तपासणे आणि चुकला तर हसत हसत सोडून देणे, हे ज्या खेळात घडते त्याला वर्गाचे दार बंद का असावे?

जाता जाता एक प्रश्न. वरच्याच डावात पूर्व आणि पश्चिम यांची पाने अदलाबदल करा. गुण तेच, पाने तीच. फक्त जागा बदलली. आता दक्षिणेचे तेरा हात होतात का? आणि होत नसतील, तर कोणते पान आड येते? उत्तर मी सांगत नाही. जोड तुमच्याजवळ आहेच!