इन्व्हर्टरची बॅटरी किती तास टिकते, हे घरीच मोजा

‘दीडशेची बॅटरी घ्या, चार-पाच तास आरामात निघतात,’ असं दुकानात सर्रास सांगतात. कशावर निघतात, हे ना गिऱ्हाईक विचारतं, ना दुकानदार सांगतो.

दीडशे म्हणजे 150 अँपिअर-अवर. 12 व्होल्टने गुणलं की 1800 वॉट-अवर. पण हा आकडा बॅटरी 20 तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने उतरवल्यावरचा. आता तिच्यावर पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावा. तो साधारण 350 वॉट ओढतो, म्हणजे कागदावर पाच तास. प्रत्यक्षात वीस टक्क्यांच्या आसपास वीज इन्व्हर्टरमध्येच वाया जाते. बॅटरीवर 36 अँपिअरच्या आसपास भार येतो, आणि लेड-ॲसिड बॅटरी जितक्या जोरात उपसावी तितकी कमी देते. नवी असली तरी तीन तासांच्या आसपास ती मान टाकते. दोन-तीन उन्हाळे काढलेली त्याच्याही आधी. ज्या घरात आजोबांचा श्वास त्या यंत्रावर चालतो, तिथे हा दोन तासांचा फरक जिवावर बेतू शकतो.

फ्रीजची तऱ्हा वेगळी. कॉम्प्रेसर चालू असताना शंभर-दीडशे वॉट घेतो, मधेमधे बंद पडतो. मात्र सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज मागतो. तेवढ्या झटक्याने लहान इन्व्हर्टर ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद होतो, बॅटरी भरलेली असली तरी. शिवाय कॉम्प्रेसर असा चालू-बंद होत असल्याने अर्ध्या तासाची चाचणी इथे कामाची नाही. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. ते ज्यांच्या फ्रीजमध्ये आहे त्यांनी मे महिन्यातल्या दुपारी, नेहमीसारखं दार उघडझाप करतच वेळ मोजावी.

मोजणं अवघड नाही. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, बॅटरी पूर्ण चार्ज करा, खोलीच्या खिडक्या उघडा. फक्त हवं ते उपकरण सुरू ठेवून मेन स्विच बंद करा आणि ‘लो बॅटरी’चा बीप वाजेपर्यंतची वेळ लिहून ठेवा. बीप वाजला की थांबायचं आणि लगेच चार्जिंगला लावायचं. पार रिकामी केली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. पेशंट कॉन्सन्ट्रेटरवर असताना मात्र हा प्रयोग कधीही करू नये.

वीज गेली की किती वेळ येणार नाही, याचा भरवसा नसतो. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज सकाळी दहानंतर गेली, काही भागांत ती संध्याकाळपर्यंत आली नव्हती. त्याच वर्षी 3 जूनच्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती.

म्हणून 100, 300 आणि 500 वॉटच्या भारावर किती मिनिटं, हे प्रत्येक बॅटरीवर ठळक मराठीत छापण्याची सक्ती व्हायला हवी. फ्रीजवर वर्षाला किती युनिट लागतात हे छापता येतं, तर बॅटरीवर मिनिटं का नकोत? तोवर तरी गिऱ्हाइकाने आपल्या उपकरणाचे वॉट सांगून बॅटरी किती वेळ चालेल ते दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावं.