कोवळ्या अंकुरांचा वर्षावास

आपल्या मराठवाड्यात ग्रीष्म आणि शरद यांच्यामध्ये पाऊस उभा असतो. भ्रमंतीत कोवळे अंकुर व सूक्ष्म जीव तुडवले जाऊ नयेत, म्हणून तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. आश्विनात पवारणा झाली, की भिक्खू पुन्हा चारिकेस निघत.

शरद लागताच आपल्याकडेही वाटा चालू लागतात; पण त्या ऊसतोडीच्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन टोळ्या कारखान्यांकडे निघतात. भिक्खू लोककल्याणासाठी निघत, ही माणसे पोटासाठी निघतात. आणि मागे कोणी सांभाळणारे नसले, की लेकरेही फडात जातात, त्यांची शाळा सुटते.

अंकुर जपण्यासाठी वर्षावास असेल, तर निवासी शाळेचा वर्षावास आश्विनात संपू नये, असे आम्हांस वाटते. दिवाळीच्या सुटीतही वसतिगृहाचे दार आणि स्वयंपाकघराची चूल चालू राहावी. त्याचा भार माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा. १९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात महाविद्यालय उघडले, ते शिक्षण आपल्या दारी यावे म्हणून. ते दार सुटीतही बंद होऊ न देणे, हे आता आपले काम आहे.