शंखजिऱ्याची गोळी आणि रुग्णाचा दोष

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा प्रतिजैविकांविषयीच्या जागृतीचा म्हणून जगभर पाळला जातो. रुग्णालयांच्या भिंतींवर भित्तिपत्रके लागतात, व्याख्याने झडतात, आणि या साऱ्याचा रोख बहुधा ठरलेला असतो : रुग्ण अडाणी आहे, तो गोळ्या अर्ध्यावर सोडतो, म्हणून रोगजंतू औषधांना जुमानीनासे होतात. दिवसाची मजुरी बुडवून बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या माथी हा उपदेश मारला जातो. उपदेशकांनी नागपूर जिल्ह्यातील एका प्रकरणाकडे डोळे उघडून पाहिले, तर त्यांचा आवाज थोडा खाली येईल.

२०२३ च्या मार्चमध्ये अन्न व औषध प्रशासनाने कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचे नमुने घेऊन मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेकडे पाठविले. अहवाल डिसेंबरमध्ये आला. गोळीत औषधच नव्हते! पुढे नागपुरातील मेयो रुग्णालयाच्या भांडारातून अशा २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. वेष्टनावर गुजरातमधील ज्या कंपनीचे नाव होते, ती अस्तित्वातच नव्हती. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार या गोळ्या म्हणजे शंखजिरे आणि पिष्ट यांचे मिश्रण होते. ते हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत तयार होई आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या सरकारी रुग्णालयांत पोचे. आरोपींचे काय करायचे ते न्यायालय ठरवील. परंतु सरकारी शिक्क्यानिशी ही भुकटी गरिबाच्या हातावर पडली, एवढे सांगण्यास निकालाची वाट पाहावी लागत नाही.

शंखजिरे जंतूला स्पर्शही करीत नाही, मग त्यामुळे प्रतिकार कसा वाढेल, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. खऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे काम असे चालते : जिवाणूच्या पेशीतील डीएनएचा लांबलचक धागा सतत पिळला जात असतो, एक विकर तो कापून, पीळ सोडवून पुन्हा जोडते. औषध या विकराला नेमके धागा कापलेल्या अवस्थेत जखडून टाकते. धागा तुटलेलाच राहतो आणि जिवाणू मरतो. मात्र कोट्यवधी जिवाणूंत एखाद्याचे विकर जन्मतःच किंचित निराळे असते, त्यावर औषधाची पकड बसत नाही. एखादा औषध आत येताच ते बाहेर उपसून टाकतो. औषध त्याला ही विद्या शिकवीत नाही. ते त्याच्या भाऊबंदांना मारते आणि रान त्याच्यासाठी मोकळे करते. त्यातही अनेक जिवाणू आपले प्रतिकाराचे जनुक शेजारच्या निराळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. म्हणूनच औषधाचा प्रत्येक अनाठायी वापर महाग पडतो.

आता भुकटी खाल्लेला रुग्ण पाहा. त्याचा ताप उतरत नाही. त्याचा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला सहज शरण गेला असता; पण डॉक्टर समजतो की औषध निकामी ठरले, आणि अधिक जहाल, अधिक महाग, राखून ठेवावयाचे प्रतिजैविक काढतो. त्या दुसऱ्या औषधाखाली निवड सुरू होते, आणि तीही रुग्णाच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूंसकट. मधल्या दिवसांत त्याचा संसर्ग घरात पसरलेला असतो तो वेगळाच. लुटारूने भुकटीऐवजी निम्मे औषध घातले असते, तर निवडीचे काम पहिल्या गोळीपासूनच झाले असते. यात रुग्णाचा दोष कोणता? त्याने तर सांगितलेल्या सगळ्या गोळ्या इमानाने गिळल्या!

रुग्णाला दोषी ठरविण्याची परंपरा जुनी आहे. ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी कमी मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला, तो शास्त्रशुद्धच होता. पण त्यासाठी रचलेल्या गोष्टीत दोष आला तो स्वतःच्या मनाने थोडे पेनिसिलीन घेणाऱ्या गृहस्थाकडे. बाजारात खोटे पेनिसिलीन विकणारा त्या गोष्टीत नव्हता. साध्या संसर्गात औषधे लांबवीत नेल्याने लाभापेक्षा हानीच होते की काय, याची चर्चा आता वैद्यकातच चालू आहे. क्षयाची गोष्ट निराळी. तेथे एका औषधाला न जुमानणारा जंतू दुसऱ्याने मरावा म्हणून अनेक औषधे एकत्र आणि महिनोन्‌महिने द्यावी लागतात. पण तेथे खंड पाडतो कोण? २०२४ च्या मार्चमध्ये क्षयाच्या औषधांचा पुरवठा अडखळला, तेव्हा केंद्र सरकारनेच राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करावयास सांगितले. दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या क्षयरोग्याला ‘औषधे सोडणारा’ म्हणण्याचा निर्लज्जपणा कोणी करू नये.

याच महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. प्रतिजैविके आयातीवर आणि व्यापाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नयेत, हा त्यामागील विचार. तो कारखाना आजारी पडू दिला गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या विक्रीचा निर्णय घेतला. सार्वजनिक कारखान्यात ढिलाई नव्हती असे नाही, आणि तिचे समर्थन करण्याचे कारणही नाही. तथापि त्या कारखान्याला पत्ता होता. नसलेल्या कंपनीला जाब कोण विचारणार?

नमुना मार्चमध्ये आणि अहवाल डिसेंबरमध्ये, हा नऊ महिन्यांचा हिशेब कार्यकर्त्यांनी मागितला पाहिजे. त्या काळात भांडारातून किती गोळ्या वाटल्या गेल्या? त्या घेतलेल्या रुग्णांना कोणी बोलावून पुन्हा तपासले काय? आज भांडारात असलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाच्या खेपेचा तपासणी अहवाल वाटप सुरू होण्यापूर्वीच आला होता काय? हे प्रश्न कळमेश्वरात आणि मेयोत तर विचारावेतच; पण नागपूर जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लेखी अर्ज देऊन विचारावेत आणि त्या अर्जाची पोच घेऊनच परतावे.