1554 च्या खाली 14416 लिहा



1554 हा नंबर आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ आहे. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर. इंजिन बंद पडलं, बोटीत पाणी शिरलं, खलाशी पाण्यात पडला की तो लावायचा. तो लावणाऱ्या तांडेलाला कुणी भित्रा म्हणत नाही. उलट वेळेत कळवलं नाही तर जेटीवर सगळ्यांची बोलणी खावी लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या खाली अजून एक नंबर लिहा. 14416.

हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर. 10 ऑक्टोबर 2022 रोजी ही सेवा सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. हर्णैवरून लावा, सातपाटीवरून लावा, नाहीतर सासरी इंदूरच्या लालबागेत राहणाऱ्या आपल्या लेकीने लावावा, नंबर तोच.

लगेच कुणीतरी म्हणेल, "आम्ही काय वेडे आहोत का?" नाही. झोप न लागणं, लहानसहान गोष्टीवर बायको-पोरांवर खेकसणं, संध्याकाळ झाली की बाटलीशिवाय न भागणं, बोट समुद्रात असताना घरातल्या बाईच्या छातीत सतत धडधड होणं, ही रोजची दुखणी आहेत. ती आपल्या प्रत्येक आळीत आहेत. नाव कुणी घेत नाही, एवढंच.

आपल्या धंद्यात तर त्यांना खतपाणी जास्त. 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्यावर. हातात पैसा नाही, पण बँकेचा हप्ता थांबत नाही, खलाशांची उचल द्यावी लागते, शाळेची फी त्याच महिन्यात येते. ऑगस्टमध्ये बोट सोडली तर डिझेल-बर्फाचा खर्चही निघेल याची खात्री नाही. 2019 मध्ये क्यार आणि महा, 2021 मध्ये तौक्ते, प्रत्येक वादळात हंगामाचे दिवस गेले. नुकसानीचा पंचनामा जाळ्याचा होतो, बोटीचा होतो. माणसाच्या मनाचा कुणी करत नाही. आणि ज्या घरातला माणूस पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलाय, त्या घरातल्या बाईची रात्र कशी जाते हे पालघर-डहाणूकडच्या लोकांना विचारा.

मग फोनवरचा समुपदेशक करतो तरी काय? पहिल्यांदा ऐकतो. मध्ये तोडत नाही, "अरे, मर्द माणूस तू" म्हणत नाही. मग विचारतो, कधीपासून होतंय, झोप किती, जेवण कसं, दारू किती. मग गुंता सोडवायला घेतो, जसं आपण जाळं उलगडतो, एका टोकापासून.

यातली एक पद्धत आपल्याला पटेल अशी आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती मांडली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात तिला. समजा, फेरी रिकामी आली. ही झाली घटना. त्यावर एक जण म्हणतो, "मी नालायक, मी घर बुडवलं." दुसरा म्हणतो, "वाईट झालं, पण म्हावरं लागणं माझ्या हातात नाही. हिशोब बघणं माझ्या हातात आहे." नुकसान दोघांचं सारखंच. पण पहिला खचतो, आणि दुसरा दुःखी असला तरी दुसऱ्या दिवशी सोसायटीत येऊन बसतो. समुपदेशक पहिल्याला दुसऱ्याच्या जागी यायला मदत करतो. एका फोनमध्ये होत नाही. काही आठवडे लागतात, मधल्या काळात घरी करायचा अभ्यासही देतात.

फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याचा फायदा आपल्याला जास्त. कोळीवाड्यात कुणी कुठल्या डॉक्टरकडे गेलं हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. फोनवर ते कळत नाही. बाजाराची पाटी सोडून तालुक्याला जायला नको, दिवसाची मजुरी बुडत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 'आयकॉल' ही सेवा 2012 मध्येच सुरू केली. ठाण्याची आयपीएच संस्था 1990 पासून याच कामात आहे. म्हणजे हे काही कालचं फॅड नाही.

"बोलून कर्ज फिटतं का?" हा प्रश्न खरा आहे. फिटत नाही. डिझेलचा परतावा, नुकसानभरपाई, मासळीचा भाव यासाठी सोसायटीने भांडायचंच आहे. समुपदेशनाचं नाव सांगून सरकारने ते टाळू नये. पण भांडायला माणूस उभा राहिला पाहिजे, त्याचं डोकं ठिकाणावर पाहिजे.

दोन गोष्टी सांभाळा. मोबाईलवर स्वतःला "काउन्सेलर" म्हणवणारे पुष्कळ आहेत. पैसे देण्याआधी शिक्षण विचारा, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. खरा माणूस रागवत नाही. दुसरं, कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर नुसत्या फोनवर भागवू नका. त्याला एकटं सोडू नका, 112 लावा, जिल्हा रुग्णालयात न्या.

सोसायटीला माझी एक विनंती आहे. बंदीच्या दोन महिन्यांत ऑफिसची मागची खोली दुपारी तासभर मोकळी ठेवा. दार लावून बोलता येईल, रेंज येईल, एवढं पुरे. ज्याच्या घरात एकाच खोलीत सहा माणसं राहतात, त्याने फोन करायचा कुठून? आत कोण गेलं याची वही ठेवायची नाही.

आणि बोटमालकांनो, आज जेटीवर गेलात की केबिनमध्ये 1554 च्या खाली मार्करने 14416 लिहा. खोल समुद्रात रेंज नसते हे ठाऊक आहे, पण बोट किनाऱ्याला लागली की असते. खलाशांनाही दाखवा. घर सोडून आठ-आठ महिने आपल्या बोटीवर राहणाऱ्या त्या पोरांना त्याची गरज आपल्याहून जास्त आहे.