गुणसूत्रांचा पाठ कोणासाठी?

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत आनुवंशिकतेवर लिहावे, याचे विज्ञानाच्या सहकाऱ्यांना आश्चर्य वाटेल. परंतु हा विषय माझ्या आयुष्यात पुस्तकातून आला नाही. मी चार बहिणींच्या पाठीवर जन्मलो. प्रत्येक बाळंतपणानंतर मसुऱ्यातील आमच्या वाडीत ‘परत चेडूच झालां’ हे वाक्य माझ्या आईला ऐकवले गेले आणि अकरा वर्षे तिने ते मान खाली घालून ऐकले. माझ्या जन्माने ती त्या आरोपातून सुटली. थोरल्या बहिणीची शाळा मात्र त्याच वर्षी सुटली. मला सांभाळायला घरात कोणीतरी हवे होते.

आज आपल्या विद्यालयात नववीची मुले जो पाठ दोन तासिकांत संपवतात, त्यात या साऱ्याचे उत्तर आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यांतील एक जोडी लिंगगुणसूत्रांची. स्त्रीमध्ये दोन्ही एक्स, पुरुषामध्ये एक एक्स व एक वाय. आईच्या अंडपेशीत एक्सच असते. पित्याच्या शुक्रपेशींपैकी साधारण निम्म्यांत एक्स व निम्म्यांत वाय. त्यांतील कोणती अंडपेशीशी मिळते, यावर मुलगी की मुलगा हे ठरते. 1905 साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठातील भुंगेऱ्यांच्या पेशी तपासून हा भेद दाखवला. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. म्हणजे माझ्या आईला बोल लावला जात होता, तेव्हा हे ज्ञान जगात येऊन साठ वर्षे झाली होती. आमच्या वाडीपर्यंत ते पोहोचले नव्हते, इतकेच.

‘मुलगी होण्यास स्त्री नव्हे, पुरुष जबाबदार’ अशा आशयाची वाक्ये जनजागृतीच्या फलकांवर वाचायला मिळतात. हेतू चांगला आहे, तरीही ती मला खटकतात. जबाबदार कोण, असे आपण अपघाताविषयी किंवा नुकसानीविषयी विचारतो. मुलीच्या जन्माविषयी तो प्रश्न विचारला, की गुन्हा मान्य केला आणि फक्त आरोपी बदलला. कोसल देशाचा राजा प्रसेनजित मल्लिकाराणीला कन्या झाल्याचे ऐकून खिन्न झाला, तेव्हा भगवान बुद्धांनी कोणाचा दोष हे सांगितले नाही. कन्या पुत्रापेक्षा श्रेष्ठ ठरू शकते, हे सांगितले. 1951 साली हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिताना बाबासाहेबांनी हा प्रसंग मुद्दाम पुढे आणला.

इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट येथे दिसते. आमच्या हाती येणाऱ्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात. लेकी त्यांत बहुधा नसतातच. वंशाचा दिवा ही कल्पना त्याच कागदांवर उभी आहे. गुणसूत्रांची वाट मात्र निराळी. पिता आपले एक्स गुणसूत्र केवळ मुलीला देतो. मुलाला देतो ते वाय, ज्यावर प्रथिने घडवणारी जनुके शंभराच्या आत आहेत. एक्सवर ती आठशेच्या आसपास आहेत. म्हणूनच आजोबांचे रंगांधत्व लेकीच्या नातवंडांत, म्हणजे तिच्या पोटच्या मुलात, पुन्हा प्रकटते. मध्ये ती लेक स्वतः सारे रंग नीट पाहत असते. तिला वगळून ही वंशावळ काढताच येत नाही.

अर्थात ज्ञानालाही जुन्या कामाला जुंपता येते. हिमोफिलियात रक्त गोठवणारा घटक कमी पडतो. साधे दात पडले तरी रक्त थांबत नाही, सांध्यांत रक्तस्राव होऊन मूल लंगडू लागते. दोषयुक्त जनुक एक्सवर असते, त्यामुळे रोग बहुतेक मुलग्यांत दिसतो आणि वाहक असते ती आई. एवढे अर्धे कळले की सासरी लगेच म्हणतात, रोग हिच्या माहेरचा. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कधीच नसतो, जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो, हे कोणी सांगत नाही. मुलाच्या बहिणींची आणि मावश्यांची तपासणी वेळीच व्हावी, म्हणून ही माहिती हवी. सुनेला बोलण्यासाठी नव्हे. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते.

गर्भजलपरीक्षेचे काय झाले, हे तर आपल्या राज्याने पाहिलेच आहे. अशा रोगांच्या निदानासाठी आलेली ती परीक्षा 1980 च्या दशकात मुंबईत मुली नाकारण्याचे साधन बनली. स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे 1988 साली महाराष्ट्राने तिच्याविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. 1994 साली केंद्राचा कायदा आला. लिंगसंलग्न रोगाच्या शोधासाठी परीक्षा करण्याची मुभा त्यात आहे, गर्भाचे लिंग सांगण्याची नाही. तरीही शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे मुली 1991 साली 946 होत्या, त्या 2001 साली 913 आणि 2011 साली 894 झाल्या. सिंधुदुर्गात 2011 साली हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण चाकरमानी मुंबईस गेलेल्या जिल्ह्यात त्या आकड्यावरून लेकींचे स्वागत मोजता येत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की हा पाठ वर्षातून एकदा पालकसभेतही व्हावा. फळ्यावर चार चौकोन काढले की पुरे. एक तास लागेल. आणि त्या दिवशी आजींना आवर्जून बोलवावे, कारण ‘परत चेडूच’ हे बहुधा त्यांनाही कोणीतरी ऐकवलेले असते.

मी शिक्षक झाल्यावर आईला तांदळाचे दाणे मांडून हा हिशोब समजावला होता. तिने तो मुकाट्याने ऐकला. मग म्हणाली, “मगे तुझ्या बापाशीक कोण कित्याक बोललो नाय?” त्यांचाही दोष नव्हता, हे मी सांगू लागलो. तिने दाणे गोळा करून परत सुपात टाकले.