थकलेली पोटगी तडजोडीला ठेवू नका

घटस्फोटात तडजोड वाईट, असे मी म्हणत नाही. वर्षानुवर्षे तारखांना जाऊन चपला झिजवण्यापेक्षा दोन-चार बैठकींत मोकळ्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मुले सुट्टीत कुणाकडे राहणार, यावर खुशाल बोलणी व्हावीत. पण कोर्टाने आधीच मंजूर केलेली आणि नवऱ्याने थकवलेली पोटगी बोलणीत येतेच कशी? ते तर तिचे येणे आहे.

मध्यस्थीच्या खोलीतले ठरलेले वाक्य : ‘बाई, मागचं सोडा, पुढचं बघा.’ मागचे म्हणजे किती? दरमहा ४,००० रुपये, २२ महिने थकले, तर ८८,००० रुपये. त्या २२ महिन्यांत तिने वाण्याची उधारी केली, पाटल्या मोडल्या, भावजयीचे बोलणे खाल्ले. म्हणजे पैसे खर्च होऊन गेले आहेत. ‘मागचे सोडणे’ म्हणजे नवऱ्याचे कर्ज तिने स्वतःच्या डोक्यावर घेणे. याला समजूतदारपणा म्हणतात आणि तो नेहमी बाईकडूनच मागितला जातो.

कायद्याला दात नाहीत असे नाही. पूर्वीचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. गाभा तोच राहिला. पोटगी थकली की वसुलीचे वॉरंट निघू शकते, आणि तरीही दिली नाही तर दर महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद. ‘मी आत बसून आलो, आता देणे संपले’ ही बढाई खोटी आहे. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, त्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर खटल्यात १९८०च्या दशकातच सांगितले आहे.

खाच आहे ती मुदतीची. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वॉरंटचा रस्ता बंद होतो. ‘बोलणी चालू आहेत, अर्ज कशाला?’ असे म्हणत नवरा तीन-तीन तारखा गैरहजर राहतो. नेमके हेच त्याला हवे असते. म्हणून कार्यकर्त्यांनी बोलणी चालू असतानाही वसुलीचा अर्ज दाखल करायला लावावा.

कागदावरचे शब्दही वाचून घ्या. ‘परस्पर संमतीने विभक्त राहत आहोत’ या निरुपद्रवी वाक्यावर घटस्फोट न झालेल्या बाईने सही केली, तर त्याच कलमाखाली तिची पोटगी नाकारता येते.

आणि आकडा ठरवण्याआधी उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र मागा. रजनेश विरुद्ध नेहा या २०२०च्या निकालाप्रमाणे दोन्ही बाजूंनी मिळकतीचा आणि देण्यांचा तपशील द्यायचा असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; पोटगीच्या वेळी मात्र नवऱ्याची झाकली मूठ हमखास रिकामी निघते! तो नोकरदार असेल तर रक्कम पगारातून परस्पर कापून तिच्या खात्यात जावी, आणि हप्ता चुकला तर काय, हे तडजोडीच्या मसुद्यातच लिहून घ्यावे. त्याला हे मान्य नसेल, तर त्या दिवशी सही न करता उठून यावे.