खाऱ्या सरोवराकडचे हिवाळी पाहुणे
लडाखच्या शीत वाळवंटात साडेचार हजार मीटर उंचीवर त्सो कार हे खारं सरोवर आहे. तिथे उन्हाळ्यात पिल्लं वाढवणारे पट्टकादंब आणि चक्रवाक हिवाळ्यात मैदानात उतरतात, आणि याच जातींचे पक्षी आपल्या चंद्रपूरकडच्या तलावांवरही दिसतात. हिमालय ओलांडताना पट्टकादंबाने सात हजार मीटरच्या वर उंची गाठल्याची नोंद आहे! तरी ताडोबाला आलेला बहुतेक माणूस वाघापुरताच थांबतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक सकाळ जुनोना किंवा घोडाझरी तलावाला द्यावी, नाहीतर धानाच्या पट्ट्यातला कुठलाही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गाठावा. ऊन पाठीशी घेऊन पाळीवर बसावं. जंगलालगत असाल तर एकटं जाऊ नये. या तलावांची घडणच पक्ष्यांच्या सोयीची आहे: पाळीकडे खोल पाणी, वरच्या अंगाला पसरट उथळ. त्या उथळात देवधान, कमळ, शिंगाडा. तिथेच अडई बदकं चरतात, कमळपक्षी पानांवरून चालतात. बेशरमची झुडपं माजली की ही जागा आकसते. गाळ काढताना यंत्राने सगळा तलाव सरसकट खोल केला, तर पाणी वाढतं, पण डोकं बुडवून चरणाऱ्या बदकांना तळ लागत नाही. अंदाजपत्रकातच उथळ काठ राखायची अट हवी, आणि तो कुठे राखायचा हे तलावात रोज उतरणाऱ्या ढिवर बांधवांना विचारून ठरवायला हवं.